सौर बंब : नळ्यांचा की पत्र्याचा?



ज्या दिवसांत माठातल्या पाण्याची आठवण क्षणोक्षणी होते, त्या ऐन वैशाखात पाणी तापविण्याच्या साधनांवर व्याख्यान ठेवण्यात संयोजकांनी थोडे धाडसच केले आहे. तथापि एका दृष्टीने हीच वेळ योग्य होय. आज दुपारी आपणांपैकी ज्यांनी गच्चीवरील काळ्या टाकीच्या नळाखाली हात धरला असेल, त्यांचा हात पोळला असेल. त्या टाकीला ना काच, ना तांबे, ना कसली यंत्रणा. आपल्या भाषेत तर सूर्याच्या तापालाही 'ऊन' म्हणतात आणि तापलेल्या पाण्यालाही 'ऊन पाणी' म्हणतात. तेव्हा सूर्याने पाणी तापते ही गोष्ट आपणांस कोणी नव्याने सांगावयास नको.

प्रश्न उरतो तो असा, की वैशाखात फुकट पोळणारी ही टाकी पौषातल्या पहाटे, आंघोळीच्या वेळी, गारढोण का असते? ऊन तर पौषातही असते. किंबहुना आपल्या पठारावर त्या दिवसांतले आकाश पुष्कळच निरभ्र असते. परंतु दिवसा कमावलेली उष्णता रात्रीतून निघून जाते. उष्णता मिळविणे सोपे, ती राखणे अवघड. आज बाजारात सौर बंबांचे जे प्रकार आहेत, त्यांच्यातील मुख्य भेद हा उष्णता राखण्याच्या रीतीतील भेद आहे. ही एक गोष्ट मनात ठेवली, म्हणजे 'नळ्यांचा घ्यावा की पत्र्याचा?' या प्रश्नाकडे नीट पाहता येते.

या राखण्याच्या विद्येचा इतिहास थोडक्यात पाहू. जिनीव्हाच्या होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेच्या पेट्या एकीत एक बसवून उन्हात ठेवल्या. काच प्रकाशाला आत येऊ देते, पण आत तापलेली हवा व तप्त पृष्ठभागाचे प्रारण यांना सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पुढे पेटीच्या बाजूंना उष्णतारोधक भरण घालून त्याने आतले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर नेले. १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याने काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवून 'क्लायमॅक्स' नावाचा पहिला विकाऊ सौर बंब केला. आपली गच्चीवरची काळी टाकी काचेच्या पेटीत घातली, की झाला क्लायमॅक्स! त्याचा दोषही तोच होता. संध्याकाळी पाणी कढत असे, सकाळी गार. कारण जी टाकी दिवसा ऊन घेई, तीच रात्री उघड्या आभाळाखाली निवत बसे.

हा दोष कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली याने १९०९ साली काढला. त्याने कामाची वाटणी केली. ऊन घेण्यासाठी काचेखाली बारीक नळ्या, आणि पाणी ठेवण्यासाठी वेगळी, चहूंकडून गुंडाळलेली टाकी. नळीतले पाणी तापले की हलके होऊन वर टाकीत चढते, टाकीच्या तळचे गार पाणी खाली नळीत उतरते. पंप नको, वीज नको. मात्र टाकी संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच हवी, नाहीतर रात्री हाच ओघ उलटा वाहू लागतो. बेलीने या बंबाचे नाव 'डे अँड नाइट' ठेवले आणि नावातच त्याचा गुण सांगितला. आज आपल्या गच्च्यांवर जे बहुसंख्य बंब दिसतात, त्यांची मांडणी मुळात बेलीचीच आहे.

आता दोन मुख्य प्रकार पाहू. पहिला सपाट पत्र्याचा. एका पेटीत तांब्याचा काळा पत्रा, त्याच्या पाठीशी जोडलेल्या सुमारे अर्ध्या इंची उभ्या नळ्या, त्यांना वर आणि खाली जोडणाऱ्या सुमारे एक इंची आडव्या नळ्या, तळाशी उष्णतारोधक भरण आणि वर एक जाड, पोलादासारखी कडक केलेली काच. पत्रा नुसत्या काळ्या रंगाने रंगविला तर तो ऊन चांगले घेतो, पण तापल्यावर तितक्याच उदारपणे ते बाहेरही टाकतो. इस्रायलच्या हॅरी टेबर यांनी १९५५ साली असा लेप पुढे आणला, की जो सूर्यप्रकाश जवळजवळ सगळा शोषतो, परंतु अदृश्य उष्ण किरणांच्या रूपाने फारच थोडा परत करतो. घेताना उदार आणि देताना कृपण, असा हा लेप होय. त्या देशाने १९८० साली नव्या घरांवर सौर बंब बसविण्याचा कायदाच केला.

दुसरा प्रकार निर्वात नळ्यांचा. याचे तत्त्व आपल्या घरोघरच्या थर्मासात आहे. जेम्स ड्युअर यांनी १८९२ साली दुपदरी भांड्याच्या दोन पदरांमधली हवा काढून टाकली. उष्णता बाहेर पडते ती तीन वाटांनी, वहन, अभिसरण आणि प्रारण. मधली हवाच नाहीशी केली की पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात, आणि आतल्या नळीवर टेबरसारखा कृपण लेप दिला की तिसरीही अरुंद होते. नळ्यांच्या बंबात अशाच दुपदरी काचेच्या लांब नळ्या, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाने टाकीत रबरी कड्यांतून बसविलेल्या असतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या नळीचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि आतल्या नळीचा ३७ असतो. मोठ्या नळीत हेच आकडे ५८ आणि ४७. चीनमध्ये त्सिंग्हुआ विद्यापीठातील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या नळ्यांवरील लेपाची रीत बसविली, आणि पुढे हा प्रकार स्वस्त होऊन जगभर पसरला.

एवढे ऐकल्यावर कोणीही म्हणेल, 'मग थर्मासच श्रेष्ठ!' येथेच थोडे थांबले पाहिजे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत हॉटेल आणि वर्ट्झ यांनी १९४२ साली संग्राहकाचा जमाखर्च मांडण्याची रीत घालून दिली. तिच्या आधाराने आपण एक हिशेब करू. आकडे साधारण चांगल्या प्रतीच्या मालाचे धरले आहेत. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. सपाट पत्रा त्यातले ७६ टक्के घेतो, आणि पाणी हवेपेक्षा जितके अंश गरम असेल, त्या दर अंशामागे साडेचार वॅट गमावतो. नळी ६५ टक्केच घेते, कारण तिच्या वाटेत दोन काचा आहेत आणि तिचा आकार गोल आहे. परंतु ती दर अंशामागे दीडच वॅट गमावते. म्हणजे एकाची मिळकत मोठी व खर्चही मोठा, दुसरीची मिळकत बेताची पण हात आखडता.

दुपारची वेळ, हवा २५ अंश, संग्राहकातले पाणी सरासरी ४५ अंश. फरक २० अंशांचा. सपाट पत्र्याचे ७६० मधून ९० गेले, उरले ६७०. नळीचे ६५० मधून ३० गेले, उरले ६२०. येथे पत्रा पुढे. आता थंडीतली सकाळ घ्या. ऊन ४०० वॅट, हवा १२ अंश, पाणी ४०. पत्र्याचे ३०४ मधून १२६ गेले, उरले १७८. नळीचे २६० मधून ४२ गेले, उरले २१८. येथे नळी पुढे. भर दुपारीच पाणी ८० अंशांपर्यंत हवे असेल, तर पत्र्याचे सुमारे ५१२ व नळीचे ५६७ उरतात. एकंदरीत पाहता, दुपारच्या प्रखर उन्हात पाणी हवेपेक्षा सुमारे ३७ अंश गरम होईपर्यंत पत्रा सरस, त्यापुढे नळी सरस. ऊन जितके मंद, तितकी ही सीमा खाली येते.

यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ हा शब्दच येथे बरोबर नाही, हे ध्यानात येईल. तिसरे एक उदाहरण देतो. पोहण्याच्या तलावाचे पाणी जेमतेम २८ अंश करावयाचे असते. त्यासाठी ना काच लागते, ना निर्वात. उघड्यावर पसरलेली काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांची चटई पुरते. वाटेत काचच नसल्याने ती पडलेल्या उन्हातले शेकडा पंच्याऐंशी-नव्वद भाग घेते, आणि पाणी हवेइतकेच असल्याने गमावण्यासारखे तिच्याजवळ काही नसते. सर्वांत स्वस्त साधन त्या कामापुरते सर्वांत उत्तम ठरते.

बाजारात दर विचारताना एक सावधगिरी बाळगावी. नळ्यांच्या बंबात नळ्यांमध्ये फटी असतात. चौकटीची लांबी-रुंदी मोजली तर प्रत्यक्ष ऊन घेणारा भाग तिच्या जवळपास निम्माच भरतो. तेव्हा 'इतके चौरस मीटर' असे कोणी सांगितले, की ते चौकटीचे की नळीचे हे विचारावे. उलटपक्षी नळीच्या गोलाईचा एक लाभही आहे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हालाही तिचा काही भाग सन्मुख असतो.

आता आपणांस पाणी किती गरम हवे? आंघोळीला साधारण ४२ अंशांचे. पूर्वी घंगाळात कढत पाणी काढून वर विसण घालीत; तोच हिशेब आजही चालतो. टाकीत ६० अंशांचे पाणी असेल आणि विसण २० अंशांचे, तर २० लिटरच्या बादलीला ११ लिटर गरम पाणी लागते. १०० लिटरांची टाकी म्हणजे नऊ बादल्या. चार माणसांच्या घराला ही पुरेशी झाली. हे १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापविण्यास विजेचे सुमारे चार युनिट लागले असते. ते काम ऊन करते. थंडीतले सूर्यप्रकाशाचे दिवस आणि ६० अंशांची गरज, एवढ्यापुरते पाहिले तर आपल्या हवेत दोन्ही प्रकार कामाला पुरतात. नळ्या गोठत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण म्हणून सांगतात, आणि लडाखात तो खरोखरच मोठा आहे. १९१३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा बेलीच्या बंबांतल्या तांब्याच्या नळ्या फुटल्या होत्या. परंतु महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठले, तर वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येते. इतकी आपल्याकडे ही गोष्ट विरळा. त्या गुणासाठी आपण अधिक दाम मोजण्याचे कारण नाही.

याउलट एका धोक्याकडे मात्र आपण लक्ष देत नाही. नळ्यांचा बंब उष्णता सोडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचा खप कमी आणि ऊन अधिक, त्यामुळे टाकीतले पाणी ८० अंशांच्या वर जाते. असे पाणी लहान मुलाच्या वा वृद्धाच्या अंगावर थेट पडले तर क्षणात भाजते. यास्तव न्हाणीघरात गरम नळाखाली आधी विसण, मग गरम पाणी, हा क्रम घरातल्या प्रत्येकास शिकवावा. जमल्यास आपोआप मिश्रण करणारी झडप बसवावी, आणि उन्हाळ्यात निम्म्या नळ्या कापडाने झाकून ठेवाव्यात.

येथपर्यंत आपण उन्हाचा विचार केला. आमच्या मते आपल्या गावात हा प्रश्न उन्हापेक्षा पाण्यावर अधिक ठरतो. आपले पठार काळ्या बसाल्ट खडकाचे. त्यातून झिरपलेले विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड, शास्त्रीय भाषेत दुष्फेन, असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी तापले की त्यांतले कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते; चहाच्या पातेल्यात जे पांढरे पुट दिसते, तेच हे. पातेले आपण घासतो. अर्ध्या इंची नळी पत्र्याच्या पाठीशी काचेखाली बंद असते. तिला कोण घासणार? पुट वाढत जाते, ओघ मंदावतो, शेवटी नळी बुजते. मग पत्रा उन्हात तापतो आणि टाकीतले पाणी गार राहते. घरमालक म्हणतो, 'सोलर काही कामाचे नाही.' वस्तुतः सूर्याचा त्यात काही दोष नसतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. परंतु जे पाणी माणसाला पिण्यास चालते, ते बारीक नळीला चालेलच असे नाही. धरणाचे, नगरपालिकेच्या नळाचे पाणी बहुधा मृदू असते आणि त्यावर पत्र्याचा बंब पंधरा-वीस वर्षे चालू शकतो. मात्र बंब घेताना नळाचे पाणी तपासायचे आणि उन्हाळ्यात त्याच टाकीत टँकरचे वा बोअरचे पाणी भरायचे, असे अनेक इमारतींत होते. चार महिन्यांचे जड पाणी बाकीच्या आठ महिन्यांच्या मृदू पाण्याचे हित बुडविते. म्हणून तपासणी करावयाची ती टाकीत वर्षभरात जे जे पाणी पडते त्या सर्वांची, आणि त्यातले सर्वांत वाईट पाणी प्रमाण मानावे.

पाणी जड असेल तर दोन मार्ग आहेत. एक, पत्र्याचाच बंब, पण उष्णता-विनिमयकासह. संग्राहकात तेच ते स्वच्छ पाणी बंद फेऱ्यात फिरते आणि टाकीतल्या पाण्याला भिंतीतून उष्णता देते. खर्च वाढतो, चार-पाच अंशांची तूट येते, पण बारीक नळ्या वाचतात. दुसरा मार्ग नळ्यांचा. ४७ मिलिमीटरच्या नळीत पुट बसतेच, पण ती लवकर बुजत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी काढून धुता येते.

नळ्यांचे उणेही सांगितले पाहिजे. साध्या बंबात पाणी थेट काचेत असते. एक नळी फुटली की सारी टाकी रिकामी होते. पत्र्याच्या बंबाची काच तडकली तरी आंघोळ चुकत नाही. जेथे माकडांचा उपद्रव आहे, तेथे हा विचार गौण नव्हे. दुपारी रिकाम्या राहिलेल्या तापल्या नळीत एकदम गार पाणी सोडले तर ती तडकते. म्हणून पाणीपुरवठा बंद पडलेल्या दिवशी बंब भरावयाचा तो संध्याकाळनंतर किंवा पहाटे. या बंबाची रबरी कडी दाब सोसत नाहीत, तेव्हा गच्चीवर प्रेशर पंप असेल तर साधा नळ्यांचा बंब घेऊच नये. नळीत पाण्याऐवजी बंद तांब्याची उष्णतावाहक नळी असलेला तिसरा प्रकार मिळतो. तो दाब सोसतो, काच फुटली तरी गळत नाही, पण महाग असतो. निर्वात नाहीसा झाला की नाही हे ओळखणे मात्र सोपे आहे. नळीच्या बंद टोकाला बेरियमचा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला, म्हणजे आत हवा शिरली आणि त्या नळीचा थर्मास उरला नाही असे समजावे. ही परीक्षा कोणालाही गच्चीवर उभ्या उभ्या करता येते.

इमारतींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गच्चीवर बंब, तळमजल्यावर न्हाणीघर. एक इंची नळाच्या ३० मीटर लांबीत सुमारे १५ लिटर पाणी मावते, आणि ते रात्रभर निवलेले असते. तळमजल्यावरचे आजोबा पहाटे नळ सोडतात आणि पाऊण बादली गार पाणी सांडून देतात, किंवा कंटाळून गीझर लावतात. वर्गणी सर्वांनी सारखी भरली, ऊन मात्र वरच्या मजल्यालाच मिळाले, अशी तक्रार मग सभेत होते आणि ती रास्त असते. संग्राहक कोणता घ्यावा यावर तीन सभा घालविणाऱ्या मंडळींनी अर्धी सभा नळाच्या लांबीवर, त्याच्या गुंडाळणीवर आणि पाणी फिरते ठेवणाऱ्या लहान पंपावर घालवावी, असे आम्ही सुचवितो.

आता कोणी विचारील, विजेचे सौर पॅनेल लावून त्यावरच गीझर का चालवू नये? गच्ची मोकळी असेल तर अवश्य विचार करावा. परंतु विजेचे पॅनेल उन्हातला सुमारे पाचवा हिस्सा वापरते, पाण्याचा संग्राहक निम्म्याहून अधिक. जेथे एका गच्चीवर वीस बिऱ्हाडांचा हक्क आहे, तेथे जागेचा हा हिशेब निर्णायक ठरतो.

एकंदर तात्पर्य असे. आधी पाण्याची तपासणी, मग दाबाची चौकशी, मग नळाची लांबी, आणि शेवटी संग्राहकाचा प्रकार. मृदू पाणी, प्रेशर पंप किंवा माकडांचा त्रास असेल तर पत्र्याचा. जड पाणी आणि साधी उंचीवरची टाकी असेल तर नळ्यांचा. जड पाणी आणि दाब दोन्ही असतील तर विनिमयक हवाच. तोंड दक्षिणेला, आणि थंडीसाठी उतार तीस-पस्तीस अंशांचा.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या घरांत तांब्याचा बंब होता, तेव्हा त्याची राख रोज काढावी लागे आणि सणासुदीला तो चिंचेने घासावा लागे. डोळ्यांत धूर जाई तो घरातल्या स्त्रियांच्या. तो धूर गेला हे फार बरे झाले. परंतु त्या बंबाला घरात कोणीतरी धनी होता. सौर बंबाला सरपण लागत नाही म्हणून धनीही लागत नाही, अशी आपली समजूत झाली आहे. पुट बसलेले, धुळीने माखलेले, एक नळी फुटली म्हणून कायमचे बंद ठेवलेले बंब गच्च्यांवर दिसतात ते या समजुतीमुळे. काही महानगरपालिका सौर बंबासाठी मिळकतकरात सवलत देतात. ती सवलत कागदावर घेऊन बंब गंजू देणे म्हणजे स्वतःच्याच पैशाची आणि उन्हाची फसवणूक होय. तेव्हा येत्या सभेत ठराव करताना बंबाच्या किमतीच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी, आणि त्या ओळीत महिन्यातून एकदा गच्चीवर जाऊन काच पुसणाऱ्या, बेरियमचा डाग पाहणाऱ्या आणि वर्षातून एकदा पाणी तपासून घेणाऱ्या माणसाचे नाव असावे. ते नाव लिहिण्यास कोणी तयार नसेल, तर कोणताच प्रकार घेण्याची घाई करू नये.